बायोसला हात लावावा का?

मदरबोर्डवर हरभऱ्याच्या डाळीएवढी, आठ पायांची एक काळी चिप असते. तिच्यावरच्या बारीक अक्षरांत बहुधा २५ हा आकडा आणि त्याच्या पुढे १२८ किंवा २५६ दिसतो. हे मेगाबिट झाले, म्हणजे १६ किंवा ३२ मेगाबाइट. संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारे सॉफ्टवेअर म्हणजे बायोस, ते राहते इथे. आजच्या यंत्रांत खरे तर यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असते, पण दुकानात आणि घरात सगळे बायोसच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द.

बायोस अपडेट करावे का, असे म्हापशाला किंवा मडगावला दुरुस्तीच्या दुकानात विचारा, दोन टोकांची उत्तरे मिळतील. ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे एक, आणि ‘नवीन आलंय, टाकून घ्या’ हे दुसरे. दोन्ही अर्धवट. नव्या आवृत्तीत जे दुखणे बरे केले आहे, ते तुमच्या मशीनला आहे का, किंवा उद्या होण्यासारखे आहे का, एवढेच पाहायचे असते.

त्यासाठी आधी आपल्याकडे काय आहे ते कळायला हवे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून एमएसइन्फो३२ (msinfo32) टाइप केले की बायोसची आवृत्ती, तारीख आणि बोर्डचे मॉडेल एकाच पानावर दिसते. लिनक्सवर डीएमआयडीकोड (dmidecode) हा आदेश हेच सांगतो. मॉडेलच्या नावातले एकही अक्षर सोडू नका, कारण शेवटी एक ‘एम’ किंवा ‘वायफाय’ जास्त असला तरी बोर्ड वेगळा ठरतो. काही बोर्डांच्या कोपऱ्यात रिव्हिजन १.०, १.१ असे छापलेले असते. रिव्हिजन बदलली की फाइलही बदलू शकते. मग कंपनीच्या पानावर तुमच्या आवृत्तीपासून ताज्या आवृत्तीपर्यंतच्या सगळ्या नोंदी वाचा, फक्त शेवटची नव्हे. कामाची दुरुस्ती पुष्कळदा मधल्याच एखाद्या आवृत्तीत लपलेली असते.

अपडेट करायलाच हवे असे सर्वांत सरळ कारण म्हणजे नवा प्रोसेसर. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खाचेच्या) जुन्या बी४५० बोर्डवर त्याच कंपनीचा रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो, पण जुने बायोस त्याला ओळखत नाही. बोर्डच्या प्रोसेसर यादीत प्रत्येक मॉडेलसमोर ‘या आवृत्तीपासून’ असा रकाना असतो, तो पाहा. आणि जुना प्रोसेसर काढण्याआधी अपडेट करा. आधी प्रोसेसर बदलला आणि पडदा काळा राहिला, अशी मशीन दुकानात नेहमी येतात. याची उलट बाजूही आहे. १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये सगळ्या पिढ्या मावेनात म्हणून काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून सर्वांत जुने प्रोसेसर वगळले गेले. तुमचा प्रोसेसर त्यांतला असेल, तर ‘ताजे’ बायोस घालून चालते मशीन बंद पडेल.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे, ते म्हणजे हार्डवेअर वाचवणे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे हळूहळू झीज होत होती. खेळ मधेच बंद पडणे, झिप फाइल उघडताना चुका येणे, ग्राफिक्स कार्ड ठीक असूनही व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येणे, अशी त्याची लक्षणे. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला. बोर्ड कंपन्यांनी तो बायोसमधून पोचवला. झालेली झीज त्याने भरून येत नाही, पुढची थांबते. म्हणून या पिढ्यांत ‘चालतंय ना’ हे उत्तर चुकीचे आहे. लक्षणे आधीच असतील तर वॉरंटीत बदलून मागा, इंटेलने या प्रोसेसरची मुदत दोन वर्षांनी वाढवली आहे. एएमडीकडेही २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याच्या घटना घडल्या. त्यानंतरच्या बायोसने एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचे) १.३ व्होल्टवर रोखले. तुमचे बायोस त्याआधीचे असेल तर आजच बदला.

सुरक्षेच्या दुरुस्त्या या दोहोंच्या मधल्या. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेल्या लोगोफेल या त्रुटींमध्ये सुरू होताना दिसणाऱ्या चित्राच्या फाइलमधूनच घुसायची वाट सापडली होती. पण त्यासाठी बहुधा हल्लेखोराला मशीनवर आधी अ‍ॅडमिनचे अधिकार मिळालेले असावे लागतात. घरच्या संगणकाला ही आग लागल्यासारखी घाई नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत केले तरी चालते. सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीची) २०११ची प्रमाणपत्रे २०२६ मध्ये संपण्याचा विषयही याच रांगेतला. त्याने मशीन बंद पडत नाही, पण जुन्या बोर्डला नवी प्रमाणपत्रे नीट स्वीकारण्यासाठी बायोस बदलावे लागू शकते.

आणि ‘सिस्टिम स्टॅबिलिटी सुधारली’ एवढीच नोंद असेल तर? काही बिघडत नसेल तर सोडून द्या. वेग वाढेल म्हणून तर मुळीच करू नका. बीटा (म्हणजे अजून चाचणीतली) लिहिलेल्या आवृत्तीपासून लांब राहा. घड्याळ रोज मागे पडते, सेटिंग पुसल्या जातात, एवढ्यासाठी लोक बायोस बदलतात, पण तिथे बहुधा बोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते. आधी ती बदला.

आता धोका नेमका कुठे आहे ते. फ्लॅश चिपवर जुन्यावरच नवे लिहिता येत नाही. आधी ४ किंवा ६४ किलोबाइटचा तुकडा पुसावा लागतो. पुसला की त्यातले सगळे बिट १ होतात, आणि मग २५६ बाइटच्या एकेका घासाने नवे लिहिले जाते. पुसणे आणि लिहिणे यांच्यामध्ये वीज गेली तर त्या जागी नुसते एकाचे रान उरते. रॅम कशी जागी करायची हेसुद्धा याच चिपमध्ये असते, त्यामुळे पंखे फिरतात आणि पुढे काहीच होत नाही. हे सारे काम साधारण दोन ते पाच मिनिटांचे.

गोव्यात जून ते सप्टेंबर या पाच मिनिटांचाच भरवसा नसतो. माडाची एक झावळ तारेवर पडली की पुरे. वीज खाते दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवणार असेल तर त्याची सूचना वर्तमानपत्रात येते. ती पाहून दिवस ठरवा, आणि गडगडाट असेल तर उद्यावर टाका. यूपीएस आहे म्हणूनही निश्चिंत राहू नका, त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते. संगणक बायोसच्या पडद्यावर नेऊन ठेवा आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. तिथे एकही फाइल उघडी नसते, त्यामुळे मशीन बंद पडले तरी नुकसान नाही. दहा मिनिटे तग धरली तर भरवसा ठेवा. घराच्या इन्व्हर्टरवर काम करणार असाल तर मागचे बटण यूपीएस मोडवर हवे. इको मोडमध्ये वीज बदलताना पडणाऱ्या खंडात संगणक पुन्हा सुरू होऊ शकतो.

तयारीत लोक सर्वांत जास्त विसरतात ती बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची किल्ली. बायोस बदलले की टीपीएमच्या (मशीनमधल्या सुरक्षा चिपच्या) लेखी मशीन ओळखीचे राहत नाही आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या, आणि अपडेटपुरते बिटलॉकर सस्पेंड करा. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. अपडेटनंतर रॅमचे एक्सएमपी (तिच्या जाहीर वेगाची सेटिंग), पंख्यांचे वेग, व्हर्च्युअलायझेशन, बूटचा क्रम हे सगळे मूळपदावर जाते. डिस्क जोडण्याचा मोड रेडवरून (RAID) एएचसीआयवर (AHCI) गेला तर विंडोज उघडतच नाही. तेव्हा फॉरमॅट मारायला धावू नका, फोटोत पाहून मोड परत लावा.

पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा लहान, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला. त्यात झिप नव्हे, उलगडलेली फाइल ठेवा आणि बोर्डच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या वाऱ्याने पोर्टचे पत्रे हिरवट पडतात, म्हणून आधी एखादी मोठी फाइल कॉपी करून पोर्ट तपासा. अपडेट विंडोजमधल्या प्रोग्रॅममधून करू नका, बायोसमधल्या साधनातूनच करा. काम चालू असताना कीबोर्डला हातसुद्धा नको. डीडीआर५ रॅमच्या बोर्डवर नंतरच्या पहिल्या सुरुवातीला रॅमची जुळवणी होते आणि पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. घाबरून बटण दाबू नका. पंधरा मिनिटे थांबा.

बिघडलेच तर आधी बोर्डच्या मागे फ्लॅशबॅकसारखे बटण आहे का पाहा. ते प्रोसेसर-रॅम नसतानाही, फक्त वीज जोडलेली असली तरी पेनड्राइव्हवरून चिप भरते. फाइलचे नाव मात्र कंपनी सांगते तेच हवे. असे बटण असलेल्या बोर्डवर अपडेटची भीती निम्मी होते, आणि बोर्ड विकत घेतानाच ते पाहून घेणे शहाणपणाचे. बटण नसेल तर दुरुस्तीवाला चिपला चिमटा लावून सीएच३४१ए प्रोग्रॅमरने, म्हणजे चिपवर लिहिणाऱ्या छोट्या यंत्राने लिहितो. चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची हे त्याने पाहिलेच पाहिजे, नाहीतर ती जळते. आणि लिहिण्याआधी जुना मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का हे पाहायला सांगा. बोर्डचा सिरियल क्रमांक, नेटवर्कचा पत्ता आणि लॅपटॉपमधली विंडोजची किल्ली बहुधा त्याच चिपमध्ये असते, आणि कंपनीच्या पानावरच्या फाइलमध्ये त्यातले काहीच नसते.