बाळंतिणीचे चाळीस दिवस

उत्तर नायजेरियातल्या झारिया शहराच्या रुग्णालयात 1970 च्या दशकात डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. सुखरूप बाळंत होऊन काही आठवडे झालेल्या बायका धापा टाकत दवाखान्यात येत. पाय सुजलेले, आडवं पडलं की श्वास कोंडतोय, हृदय आकाराने वाढलेलं. बाळंतपणानंतरचा हा हृदयविकार जगभर आढळतो, पण क्वचित. झारियाच्या परिसरातल्या हौसा जमातीच्या बायकांमध्ये मात्र तो साधारण शंभर बाळंतपणांमागे एकीला होत होता.

घरी काय चालतं याची चौकशी झाली तेव्हा एक ठरलेली पद्धत समोर आली. बाळंतिणीला चाळीस दिवस मातीच्या ओट्यावर निजवायचं आणि ओट्याच्या पोटात विस्तव पेटता ठेवायचा. दिवसातून दोनदा कडकडीत पाण्याने अंघोळ, तीही पाल्याच्या डहाळ्या त्या पाण्यात बुडवून अंगावर मारत. दूध भरपूर यावं म्हणून पेज प्यायची आणि तिच्यात ‘कान्वा’ नावाचा खनिज क्षार मुबलक घालायचा. मराठी घरात वाढलेल्या माणसाला यातलं फारसं काही परकं वाटणार नाही. बाजेखालची शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, मालीश करून घातलेलं कढत पाणी, कानाला घट्ट बांधलेला रुमाल, ‘वारा लागू देऊ नकोस’ची ताकीद हे सगळं आपल्याकडेही आहेच. पेजेऐवजी अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू, इतकाच काय तो फरक.

डॉक्टरांचा तर्क सोपा होता. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. बाळंतपणानंतर हे जादा पाणी लघवी-घामावाटे काही आठवड्यांत निघून जायला हवं. पण मीठ पाणी धरून ठेवतं. वर सतत शेक बसला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि हृदयाला जास्त रक्त फिरवावं लागतं. आधीच ताणलेल्या हृदयावर दोन्हीकडून बोजा. पुढे नायजेरियातच झालेल्या मोठ्या पाहणीत मात्र शेक आणि क्षाराचा संबंध तितका ठळक दिसला नाही. अंगातल्या सेलेनियमची कमतरता, कमी वजन, बेरोजगारी, शिक्षणाचा अभाव या गोष्टी पुढे आल्या. म्हणजे ओट्याखालचा विस्तव दोषी असेल किंवा नसेल, गरिबी मात्र दोन्ही वेळा हजर होती. परंपरेला दोष देणं सोपं असतं, म्हणून हा दुसरा अभ्यास मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो.

चाळीस हा आकडा नायजेरियापुरता नाही. चीनमध्ये बाळंतीण ‘महिना बसते’. लॅटिन अमेरिकेत ‘क्वारेंतेना’, म्हणजे चाळीस दिवसच. इस्लाममध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या काळाची कमाल मर्यादा काही प्रमुख पंथ चाळीस दिवस धरतात. बायबलच्या जुन्या करारात मुलगा झाला तर चाळीस दिवस आणि मुलगी झाली तर थेट ऐंशी दिवस आई अशुद्ध मानली आहे. आपला सव्वा महिनाही त्याच आसपास येतो. इतक्या दूरदूरच्या समाजांनी जवळपास एकच मुदत का निवडावी? उत्तर बाईच्या शरीरातच सापडतं. बाळ जन्मल्यावर गर्भाशय साधारण एक किलोचं असतं, ते आक्रसत सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्याही खाली येतं. अंगावरून जाणारा स्राव चार ते सहा आठवड्यांत थांबतो. आधुनिक प्रसूतिशास्त्रानेही हा काळ सहा आठवड्यांचाच मानला आहे. आजीने बोटांवर मोजलेली आणि डॉक्टरांच्या पुस्तकातली मुदत जवळपास एकच निघते.

असाच एक धागा पाचवीच्या पूजेत असावा असा माझा अंदाज आहे. पाचव्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून घर जागं राहतं. मळक्या विळ्याने नाळ कापली की होणारा धनुर्वात बाळाला बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात गाठत असे. नेमक्या त्या काळात पहारा बसावा यात काहीतरी अनुभव असणार, पण सिद्ध करता येणार नाही. लसीकरण आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढल्यावर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं मान्य केलं. सटवाईची पूजा अजून होते, तिला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

मुदत बरोबर असली म्हणून त्या मुदतीत जे जे केलं जातं ते सगळं बरोबर ठरत नाही. लाओसमध्ये बाळंतिणीला विस्तवाशेजारच्या बाजेवर निजवतात आणि बऱ्याच घरांत अनेक पदार्थ वर्ज्य ठेवून पॉलिश केलेल्या भातावरच काही आठवडे काढायला लावतात. अशा भातात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1, फारसं उरत नाही. मग ते दुधातही उतरत नाही. दोन-तीन महिन्यांचं, चांगलं बाळसं धरलेलं मूल अचानक किरकिर करू लागतं, दूध सोडतं, आणि रडतं तेव्हा तोंड उघडं पण आवाज घोगरा किंवा मुळीच नाही. स्वरयंत्राच्या नसा लुळ्या पडलेल्या असतात. त्यानंतर काही तासांत हृदय थकतं. हा तान्ह्या मुलांचा बेरीबेरी. वेळेत ओळखला तर थायमिनच्या इंजेक्शनने मूल काही तासांत सावरतं. नाही ओळखला तर घरातले म्हणतात, नजर लागली. काश्मीरमधल्या डॉक्टरांनीही असेच रुग्ण नोंदवले आहेत.

चीकाची गोष्ट तर आपल्या घरातलीच. गाईच्या चीकाचा खरवस चाटूनपुसून खाणाऱ्या घरांत आईचा पहिला पिवळसर चीक मात्र ‘जड असतो’ म्हणून पिळून टाकत आणि बाळाला मधाचं बोट चाटवत. त्या चीकात बाळाला पहिलं संरक्षण देणारी प्रतिपिंडं असतात, आणि मधात क्वचित असे जिवाणूंचे बीजाणू असतात, जे तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात.

चीनमध्ये वाऱ्याची भीती इतकी की उन्हाळ्यातही खिडक्या बंद आणि पंखाही नाही. 2015 च्या उन्हाळ्यात शांघायमध्ये एक तरुण बाळंतीण याच पायी उष्माघाताने दगावली. अंथरुणाला खिळून राहण्यातही धोका आहे. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून डॉक्टर बाईला लवकर हिंडती-फिरती करतात.

मग या सगळ्यात फायद्याचं काय उरतं? अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी, स्टर्न आणि क्रकमन यांनी, 1983 मध्ये एक मुद्दा मांडला. त्यांच्या मते बाळंतपणानंतरचं नैराश्य पाश्चात्त्य समाजांत जास्त दिसतं, कारण तिथे बाळंतिणीसाठी ठरलेली मुदत, ठरलेली माणसं आणि ठरलेला मान उरलेला नाही. हा विचार ऐकायला छान वाटतो, आणि आपल्याकडच्या अनेकांना तो लगेच पटतोही. पण गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी हा गोडवा टिकू देत नाही. तिथल्या 23 टक्के बायका बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्यात होत्या. पाश्चात्त्य देशांत सहसा सांगितल्या जाणाऱ्या प्रमाणापेक्षा हे कमी मुळीच नव्हतं. कारणांत पैशाची ओढाताण होती, नवऱ्याशी बिनसलेलं होतं. मारहाण आणि उपासमार यांचा परिणाम किती होतो, हे बाळ मुलगा की मुलगी यावर बदलत होतं. त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. सव्वा महिना पाळला जातो त्या समाजातलीच ही स्थिती. जिला भूक आहे आणि मार आहे, तिच्या बाजेखाली शेगडी ठेवून काय होणार?

बाळाला घेऊन बसलेल्या बाईभोवती कोण आहे, यावर बरंच अवलंबून असतं. जपानमध्ये बाळंतपणाला माहेरी जाण्याची पद्धत आपल्यासारखीच आहे आणि शहरांतल्या बायका आजही ती पाळतात. आईजवळ बाईला रडता येतं, झोपता येतं, ‘हे नको’ म्हणता येतं. सासरी तोच महिना काढायचा तर विश्रांतीचीही परीक्षा होते. बाळ का रडतं, दूध पुरतं का, एवढा वेळ झोपायचं का, हे सगळं बोलून दाखवलं जातं. बाळंतपणाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्याहून जास्त बायकांना विनाकारण रडू येतं, कारण वार पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरोन ही संप्रेरकं झपाट्याने घसरतात. अशा वेळी ‘लोकांची काय बाळंतपणं झाली नाहीत?’ हे वाक्य कानावर पडणं वेगळं आणि आईने बाळ उचलून नेणं वेगळं.

दक्षिण कोरियाने हे काम चक्क बाजारात आणलं. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे ‘सानहुजोरीवॉन’ नावाची बाळंतीणघरं फोफावली. बहुसंख्य आया दवाखान्यातून तिथे जातात, सहसा दोन आठवडे राहतात. ताटात रोज ‘मियोकगुक’, म्हणजे समुद्री शेवाळाचं सूप. हेच सूप प्रत्येक कोरियन माणूस आपल्या वाढदिवसालाही पितो, आईची आठवण म्हणून. त्यात आयोडीन इतकं असतं की फार प्यायलं तर बाळाच्या थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो. पण रात्री बाळ सांभाळायला परिचारिका असते आणि आई सलग झोपते. बिल लाखांच्या घरात, त्यामुळे परवडतं त्यांनाच. नेदरलँड्सने दुसरी वाट धरली. तिथे ‘क्रामझोर्ग’ या व्यवस्थेत प्रशिक्षित बाई पहिले आठवडाभर घरी येते, टाके बघते, बाळाला पाजायला शिकवते, मोठ्या मुलाला सांभाळते, थोडं घरकामही करते. खर्चाचा मोठा भाग आरोग्य विमा उचलतो. ना शेगडी, ना पथ्य.

आणि मुळात असा महिना नसलेले समाजही आहेत. काँगोच्या इतुरी जंगलातल्या एफे लोकांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे तीन आठवड्यांचं बाळ दिवसातला 39 टक्के वेळ आईखेरीज इतरांच्या हातात होतं, अठरा आठवड्यांचं झालं की 60 टक्के. एका बाळाला सांभाळणारी माणसं सरासरी चौदा. दुसऱ्या बायका त्याला पाजतही. या आईला खाटेवर बसवून ठेवायची गरजच पडत नाही, कारण बाळ तिच्या एकटीच्या गळ्यात नसतं.

बीडहून कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईकडे यातलं काहीच नसतं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल दोघांवर मिळून घेतलेली असते, आणि एकाने काम चुकवलं की मुकादम खाडा लावून पैसे कापतो. फडात बाळंत झालेली बाई पुन्हा मोळी उचलते ती सहा आठवडे मोजून नाही. माहेर मागे गावाकडे असतं, सासू असली तर तीही बहुधा फडातच असते. 2017 च्या दुरुस्तीने कायद्यात 26 आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आली, ती दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. ऊसतोडीच्या बाईला ती मागायची तर तिचा मालक कोण, साखर कारखाना की मुकादम, या प्रश्नापाशीच गाडं अडतं.