पाच मिनिटांचा ठिपका: क्लाउडच्या डॅशबोर्डावर जे दिसतं, ते तसंच का दिसतं

ॲमेझॉनच्या क्लाउडवर पहिला सर्व्हर उभा केला, मॉनिटरिंगचा टॅब उघडला, की नवख्या माणसाला तीन गोष्टी हमखास खटकतात. ग्राफवर दर पाच मिनिटांनी एकच ठिपका येतो. सीपीयू दिसतो, नेटवर्क दिसतं, पण मेमरी कुठेच नाही. आणि खालच्या पट्टीवरची वेळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. आमच्या टीममध्ये आलेली नवी मुलं पहिल्या आठवड्यात हे तीन प्रश्न विचारतातच. "डॅशबोर्ड कस्टमाइज करून घे" एवढं सांगून भागतं, पण मग ती मुलं रंग बदलतात, पॅनल इकडचं तिकडे करतात आणि थांबतात. काय बदलायचं हे कळायला आधी जे समोर आहे ते तसं का आहे हे कळावं लागतं. त्याची मुळं क्लाउडच्या बरीच आधीची आहेत.

१९९४ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात, डी मॉन्टफर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर नावाचा स्विस तरुण काम करत होता. सगळ्या विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, आणि तीही सेकंदाला ६४ किलोबिटची. ती किती भरली आहे हे प्रत्येकाला जाणून घ्यायचं होतं. ओटिकरनं एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती राउटरला ठरावीक वेळानं विचारायची, "आतापर्यंत किती बाइट आले, किती गेले?", आणि उत्तराचा ग्राफ काढून वेबपेजवर टाकायची. १९९५ च्या वसंतात ती एमआरटीजी या नावानं सगळ्यांसाठी खुली झाली. पर्लमधली ती स्क्रिप्ट फार हळू चालायची. १९९६ च्या सुरुवातीला डेव्ह रँड यांनी ओटिकरला ईमेल पाठवून कारण विचारलं आणि पुढे वेळखाऊ भाग सी भाषेत नव्यानं लिहून दिला. त्यानंतर एमआरटीजी जगभरच्या सर्व्हर रूममध्ये पोचलं.

ज्यांनी त्या काळात नेटवर्क सांभाळलं त्यांच्या डोळ्यांपुढे ते पान अजून असेल. येणारा ट्रॅफिक हिरव्या रंगात भरलेला, जाणारा निळ्या रेषेत, एकाखाली एक चार ग्राफ: दिवस, आठवडा, महिना, वर्ष. दिवसाच्या ग्राफवर पाच मिनिटांची सरासरी, आठवड्याच्या ग्राफवर अर्ध्या तासाची, महिन्याच्या दोन तासांची आणि वर्षाच्या पूर्ण एका दिवसाची. आज कुठल्याही डॅशबोर्डाच्या कोपऱ्यात "शेवटचे २४ तास, ७ दिवस, ३० दिवस" अशी यादी उघडते, तेव्हा मला तेच चार ग्राफ आठवतात.

पाच मिनिटांचं अंतर कशासाठी? राउटर एसएनएमपीच्या, म्हणजे नेटवर्कच्या उपकरणांना माहिती विचारायच्या ठरलेल्या, रीतीनं बोलतो आणि त्याच्याकडे वेग नसतो, नुसता मोजणीचा आकडा असतो, रिक्षाच्या मीटरसारखा वाढत जाणारा. दोन वाचनांतला फरक काढायचा आणि मधल्या सेकंदांनी भागायचं, की वेग मिळतो. वारंवार विचारावं तर त्या काळच्या बारीक लाइनवर आणि राउटरवर विचारण्याचाच भार पडायचा. फार थांबावं तर मीटरच उलटायचा, कारण जुना काउंटर ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी बाइटांनंतर पुन्हा शून्यावर. ६४ किलोबिटच्या लाइनला हा फेरा पुरा करायला सहा दिवस लागतात, पण पूर्ण भरलेल्या १०० मेगाबिटच्या लाइनला सहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पाच मिनिटं हा या दोन्हींच्या मधला व्यवहारी आकडा होता आणि तोच सगळीकडे रुळला.

दुसरी अडचण साठवणीची होती. रोज नवे आकडे येत राहिले तर डिस्क भरणार. ओटिकरनं १९९९ मध्ये आरआरडीटूल आणलं. त्याची फाइल पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच पाच वर्षांनी. आत ठरावीक खण असतात. शेवटचा खण भरला की पुन्हा पहिल्या खणात लिहायचं, आणि जुने आकडे पुसण्याआधी त्यांची सरासरी मोठ्या अंतराच्या खणात टाकायची. या युक्तीवर एक अख्खी पिढी पोसली गेली. कॅक्टाय, म्युनिन, गँग्लिया या मॉनिटरिंगच्या सगळ्या साधनांच्या पोटात आरआरडी होतं.

पण सरासरीत काय हरवतं तेही इथेच पाहून घ्यावं. समजा, एका मिनिटात सीपीयू १०० टक्क्यांवर गेला आणि पुढची चार मिनिटं २० टक्क्यांवर राहिला. पाच मिनिटांचा ठिपका पडतो ३६ वर. त्या एका मिनिटात ज्यांची पेमेंट अडकली, त्यांचा त्या ३६ मध्ये मागमूस नाही. तोच आकडा पुढे अर्ध्या तासाच्या खणात गेला की आणखी सपाट होतो. म्हणून आरआरडीत सरासरीच्या जोडीला कमाल आकडा वेगळा ठेवायची सोय पहिल्यापासून होती. ती वापरणारे मात्र थोडेच होते. आज मी कुठल्याही टीमचा डॅशबोर्ड पाहिला तर पहिल्यांदा हेच पाहतो: रेषा सरासरीची आहे की कमालीची?

त्याच सुमाराला दुसरी एक परंपरा वाढत होती, तिला ग्राफशी फार देणंघेणं नव्हतं. ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये नेटसेंट आणलं, २००२ मध्ये त्याचं नाव नागिओस झालं. त्याचा प्रश्न साधा: सर्व्हिस चालू आहे का? हिरवा, पिवळा, लाल. लॅटव्हियात अलेक्सेई व्लादिशेव यांचं झॅबिक्स २००१ मध्ये खुलं झालं. त्यानं ग्राफ आणि अलर्ट एकाच छताखाली आणले. या सगळ्यांत एक गृहीत समान होतं. सर्व्हरला नाव असतं, तो एका रॅकमध्ये वर्षानुवर्षं असतो, आणि त्याचं नाव कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये हातानं लिहायचं असतं.

ते गृहीत क्लाउडनं मोडलं. ॲमेझॉननं ऑगस्ट २००६ मध्ये ईसी२ या सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या सेवेची बीटा आवृत्ती उघडली आणि सर्व्हर तासाच्या हिशेबानं भाड्यानं मिळू लागले. सकाळी दहा असतील, दुपारी चाळीस, रात्री पुन्हा बारा, आणि दुपारच्या चाळिसांतले बरेचसे उद्या अस्तित्वातही नसतील. मे २००९ मध्ये ॲमेझॉननं क्लाउडवॉच ही मोजणीची सेवा आणली. त्याच दिवशी ऑटो स्केलिंग आणि विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारा लोड बॅलन्सरही आले, हा योगायोग नव्हता. सर्व्हर आपोआप वाढवायचे-कमी करायचे तर आधी कुणीतरी मोजायला हवं. म्हणजे क्लाउडवॉचचे आकडे माणसाइतकेच यंत्रासाठीही होते.

मेमरी न दिसण्याचं उत्तरही इथेच आहे. ईसी२ चा सर्व्हर म्हणजे एका मोठ्या यंत्रावर हायपरवायझर या वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरनं आखून दिलेला तुकडा. हायपरवायझर बाहेर उभा असतो. त्याला दिसतं की या तुकड्यानं प्रोसेसर किती वापरला, नेटवर्कवर किती बाइट गेले. मेमरी मात्र त्यानं पहिल्याच दिवशी दिलेली असते. तिच्यातली किती खरंच कामात आहे आणि किती लिनक्सनं कॅशसाठी धरून ठेवली आहे, हे फक्त आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला ठाऊक. डिस्क किती भरली, हेही तसंच. इमारतीच्या वॉचमनला कोण आलं-गेलं ते कळतं, पण फ्लॅटमधल्या कपाटात जागा उरली आहे का, हे त्याला कसं कळणार?

हे मला एका रात्री चांगलंच कळलं. ॲप्लिकेशन दर चाळीस मिनिटांनी मरत होतं आणि डॅशबोर्डावर सीपीयू शांतपणे २० टक्क्यांवर. दीड तास आम्ही नेटवर्कच्या मागे लागलो होतो. शेवटी एकानं सर्व्हरवर लॉगिन करून कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग (घडामोडींची नोंद) उघडला, तर तिथे ओळीनं लिहिलेलं: मेमरी संपली, प्रोसेस मारली. बोर्ड जे दाखवत होता ते खरंच होतं. आम्हाला हवं ते दाखवायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगायची सोय २०११ मध्ये झाली. त्या वर्षी क्लाउडवॉचनं स्वतःची मेट्रिक, म्हणजे आपण मोजलेले आकडे, पाठवायची मुभा दिली. आत एक स्क्रिप्ट बसवायची आणि तिनं मेमरीचा आकडा बाहेर पाठवायचा. आता त्या जागी तयार एजंट आहे. पण सगळे ग्राफ एका पानावर हवे तसे मांडायचे, हे क्लाउडवॉचमध्ये २०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत शक्यच नव्हतं. आकडेही दोनच आठवडे राहायचे. मागच्या दिवाळीच्या सेलला किती लोड आला होता, हे पाहायची सोय नाही. २०१६ च्या अखेरीस ती मुदत १५ महिन्यांवर गेली. कशी गेली, ते पाहण्यासारखं आहे: एका मिनिटाचे आकडे १५ दिवस, पाच मिनिटांचे ६३ दिवस, तासाचे ४५५ दिवस. आरआरडीचेच खण, फक्त मोठ्या घरात. त्यामुळे मागच्या वर्षीचा स्पाइक, म्हणजे अचानक उसळलेला आकडा, शोधणाऱ्यानं कमालीचा आकडा लावला नाही, तर त्याला आजही टेकाडच दिसणार, सुळका नाही.

हवा तसा बोर्ड खऱ्या अर्थानं मिळाला तो क्लाउड विकणाऱ्यांच्या बाहेर. प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या ऑर्बिट्झमध्ये ख्रिस डेव्हिस यांनी २००६ मध्ये आकडे साठवून त्यांचे ग्राफ काढणारं ग्राफाइट लिहिलं, २००८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याला आकडा पाठवणं अगदी सोपं होतं. नाव, आकडा, वेळ अशी एक ओळ पाठवली की झालं, आधी नोंदणी नको. २०११ मध्ये एट्सी या ऑनलाइन बाजाराच्या मंडळींनी स्टॅट्सडी आणलं आणि प्रोग्रॅमर स्वतःच्या कोडमधून लॉगिन, ऑर्डर, चुका मोजू लागले. त्याआधी मोजणी हे सिस्टिम सांभाळणाऱ्यांचं काम होतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच. यंत्राची तब्येत आणि धंद्याची तब्येत एका रेघेवर आली.

ग्राफाइटमध्ये आकडे होते, पण बोर्ड मांडायला त्रास होता. कंसात कंस घालून लांबलचक सूत्र लिहायचं, एक कंस चुकला की ग्राफ गायब. तेव्हा लॉग पाहण्यासाठी किबाना ३ आलं होतं. ते ब्राउझरमध्ये चालायचं, पॅनल ओढून हवं तिथे ठेवता यायचं. स्वीडनमध्ये टोर्केल ओडेगार्ड यांना तेच ग्राफाइटसाठी हवं होतं. त्यांनी किबाना ३ चा कोड घेऊन डिसेंबर २०१३ मध्ये काम सुरू केलं आणि महिन्याभरात ग्राफाना बाहेर पडलं. सूत्र आता क्लिक करून बनू लागलं, माउसनं ग्राफचा तुकडा निवडला की सगळ्या पॅनलची वेळ बदलू लागली. ग्राफाना स्वतः आकडे साठवत नाही, दुसरीकडचे घेऊन दाखवतं. म्हणून ग्राफाइट, क्लाउडवॉच, प्रोमिथियस एकाच पानावर शेजारी बसू शकले.

प्रोमिथियस या आकडे गोळा करून साठवणाऱ्या साधनाचं काम २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये मॅट प्राउड आणि जूलियस व्होल्झ यांनी सुरू केलं, दोघेही आधी गूगलमध्ये होते. २०१५ च्या सुरुवातीला ते जाहीर झालं. त्यात मेट्रिकला नुसतं लांब नाव नसतं, लेबलं असतात: कोणती सर्व्हिस, कोणता रीजन (क्लाउडचा भौगोलिक विभाग), कोणता कंटेनर (ॲप्लिकेशन चालवायचा बंदिस्त खोका). सर्व्हर येऊन जाऊन असले तरी लेबल टिकतं. ग्राफानाच्या वरच्या पट्टीवरचा "सर्व्हिस निवडा" हा ड्रॉपडाउन याच्याच जोरावर चालतो. एक बोर्ड, आणि त्यात पन्नास सर्व्हिस. पूर्वी पन्नास बोर्ड हातानं बनायचे आणि त्यांतले चाळीस सहा महिन्यांत जुने व्हायचे.

मग काय ठेवायचं हा प्रश्न उरला. २०१६ मध्ये गूगलच्या मंडळींनी आपल्या कामाची रीत पुस्तकरूपात मांडली, त्यात चार खुणा सांगितल्या: उत्तराला लागणारा वेळ, ट्रॅफिक, चुका, आणि यंत्रणा किती भरली आहे. या चौघांत सीपीयूचा नंबर शेवटच्या खुणेत लागतो. आपल्याकडचं उदाहरण जुलै २०१९ चं. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारत-न्यूझीलंड, स्टार इंडियाच्या हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटींहून जास्त लोक होते. सर्व्हर कधी वाढवायचे हे ते सीपीयूवरून ठरवत नव्हते, प्रेक्षकांची संख्या आणि विनंत्यांचा दर यांवरून ठरवत होते, असं त्यांच्या इंजिनिअरांनी जाहीर सांगितलं आहे. कारण धोका फक्त चढताना नसतो. धोनी बाद झाला की लाखो लोक एकदम बॅक दाबून होमपेजवर येतात. व्हिडिओचा भार उतरतो आणि त्याच क्षणी होमपेजच्या सर्व्हिसवर कोसळतो. हे सीपीयूच्या सरासरीत दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

बोर्ड कुठे ठेवायचा, याचा धडा २८ फेब्रुवारी २०१७ ला मिळाला. ॲमेझॉनची एस३ ही साठवणीची सेवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रीजनमध्ये काही तास बंद पडली. सेवांची स्थिती सांगणारं ॲमेझॉनचं स्वतःचं पान बदलायची यंत्रणाही एस३ वरच अवलंबून होती, त्यामुळे सुरुवातीला त्या पानावर खरी स्थिती दाखवताच आली नाही. ॲमेझॉननं हे आपल्या निवेदनात स्पष्ट लिहिलं आणि ती यंत्रणा अनेक रीजनमध्ये पसरवली. मुंबई रीजन जून २०१६ पासून चालू आहे. तिथे सर्व्हर असणाऱ्यांनी आपला ग्राफाना त्याच रीजनमध्ये, त्याच क्लस्टरवर ठेवला असेल तर तो जरूर हलवावा.

राहिला वेळेचा प्रश्न. यूटीसी, म्हणजे सगळ्या जगासाठीची एकच प्रमाणवेळ, ठेवण्यामागे चांगलं कारण आहे. पुण्यातला, डब्लिनमधला आणि सिॲटलमधला माणूस एकाच स्पाइकबद्दल बोलत असेल तर घड्याळ एकच हवं, आणि युरोप-अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे होतं तेव्हा लॉग गोंधळू नयेत. पण यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. दिवसाच्या ऑर्डरींची बेरीज करणारं पॅनल यूटीसीवर असेल, तर रात्री बारा ते पहाटे साडेपाचची विक्री आदल्या दिवसात मोजली जाते आणि अकाउंट्सच्या आकड्याशी कधीच जुळत नाही. ग्राफानाचा बोर्ड आता जेसन या साध्या मजकुराच्या रूपातली फाइल म्हणून, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवता येतो, कुणी काय बदललं ते दिसतं. त्या फाइलमध्ये टाइमझोनची एक ओळ असते. यंत्रांच्या बोर्डावर आम्ही तिथे यूटीसी ठेवलं आहे, आणि विक्रीच्या बोर्डावर आशिया/कोलकाता. मात्र त्या ओळीनं फक्त खालच्या पट्टीवरची वेळ बदलते. बेरीज कुठल्या मध्यरात्रीपासून सुरू करायची, ते आकडे मागवणाऱ्या क्वेरीत वेगळं लिहावं लागतं.