ठोकळ्यांची चाचेजहाजे (खान्देश)

ठोकळ्यांची चाचेजहाजे : एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून समुद्री चाच्यांची जहाजे, बेटे आणि किल्ले स्वतःच्या डोक्याने रचणे, आणि त्यांचे आराखडे इतरांना देणे-घेणे असा छंद. खोक्यासोबत आलेल्या पुस्तिकेबरहुकूम जोडलेले जहाज यात धरत नाहीत. पुस्तिका बाजूला ठेवून, दोन-तीन खोक्यांतले तुकडे एकत्र करून जे उभे राहते ते इथे अभिप्रेत आहे. छंदी मंडळी त्याला ‘मॉक’ म्हणतात. ‘माझी स्वतःची निर्मिती’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले.

खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, समुद्र कुठेच नाही. पाण्यावर चालणारे मोठे काही पाहायचे तर नंदुरबारच्या डोंगराळ भागात नर्मदेच्या फुगवट्यावर जावे लागते. तिथे काठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवला गेला आहे. बाकी तापीवरच्या होड्या. त्यामुळे इथला माणूस जहाज पाहून जहाज बांधत नाही, जहाजाचे चित्र पाहून बांधतो. चित्रात जहाज बहुधा एका बाजूने दिसते. पोट पाण्याखाली असते आणि रुंदी अंदाजानेच धरावी लागते. पहिल्यांदा बांधलेली जहाजे पाटीसारखी चपटी होतात त्याचे कारण हेच.

उगम : या खेळण्याचे मूळ डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे. लेगो कंपनी तिथे १९३२ मध्ये लाकडी वस्तू बनवत सुरू झाली. वरती गोल उंचवटे आणि आत पोकळ नळ्या असलेल्या आजच्या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा आहे. हातपाय हलणारी छोटी माणसे १९७८ मध्ये आली. पुढची अकरा वर्षे त्यांच्या चेहऱ्यावर दोन ठिपके आणि एक हसू यांपलीकडे काही नव्हते. १९८९ मध्ये चाच्यांची मालिका आली आणि तिने हे हसू मोडले. डोळ्यावर पट्टी, गालावर खुंट, हाताच्या जागी आकडा, पायाच्या जागी लाकडी खुंटी. ठोकळ्यांच्या जगात वाईट माणूस शिरला तो असा, आणि मुलांना तोच जास्त आवडला.

त्या वर्षीच्या ‘ब्लॅक सीज बॅराकुडा’ या जहाजात सुमारे ९०० तुकडे होते. त्याचे पोट मात्र ठोकळ्यांचे नव्हते. नाळ (म्हणजे जहाजाचे पुढचे टोक), मधला भाग आणि पिछाडी असे मोठे साचेबंद तुकडे होते. लांब जहाज हवे असेल तर मधला तुकडा आणखी एक मिळवून घालायचा. स्वतःची जहाजे रचण्याची सुरुवात बऱ्याच जणांची या एका जादा तुकड्यानेच झाली.

नावाचा घोळ : ‘चाचा’ म्हटल्यावर भुसावळ-रावेरकडच्या पोराला आधी शेजारचे काका आठवतात, कारण हिंदी तिथे गल्लीतच आहे. हा विनोद सोडला तरी शब्द सरळ नाही. कान्होजी आंग्रे छत्रपती शाहूंचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज हेच काम आपल्या परवान्याने आधीपासून करत होते. तरी मुंबईचे इंग्रज आंग्र्यांना चाचा म्हणत राहिले, १७२९ मध्ये कान्होजी वारले तोवर आणि त्यानंतरही. म्हणून मराठी माणूस जेव्हा ‘चाच्यांचे जहाज’ बांधायला बसतो तेव्हा कवटीचा काळा झेंडा लावायचा की भगवा, हा प्रश्न रंगाचा राहत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते गुराब आणि गलबत या मराठा जहाजांना चाच्यांच्या सदरात टाकू नये. पण बांधणीचे तंत्र एकच असल्याने त्यांचा विचार इथे एकत्र केला आहे.

खान्देशाचा खरा संबंध : समुद्र नसला तरी खान्देशाची नदी समुद्राकडेच जाते. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. सतराव्या शतकात बऱ्हाणपूर ते सुरत हा व्यापारी रस्ता खान्देशातूनच जाई. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने त्या वाटेवरच्या नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असे लिहून ठेवले आहे. धरणगावात इंग्रजांची वखार होती. या भागातले कापड बैलांच्या पाठीवर सुरतेला जाई आणि तिथून जहाजात चढे.

आणि चाचे नेमके याच जहाजांवर टपलेले असत. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केच्या वाटेवरून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ लुटले. त्याच सुमारास सुरतेचे व्यापारी अब्दुल गफूर यांचे ‘फतेह मुहम्मद’ही त्याच्या हाती लागले. गंज-इ-सवाईवर तोफा भरपूर होत्या, पण ऐन लढाईत एक तोफ फुटली आणि मुख्य डोलकाठीला मार बसला. लुटीची बातमी येताच सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना मोगल अधिकाऱ्यांनी कोंडून ठेवले. एव्हरी शेवटपर्यंत सापडला नाही.

म्हणजे चाच्यांच्या गोष्टीत खान्देश लुटणाऱ्याच्या बाजूला नाही, ज्यांचा माल समुद्रावर जाई त्यांच्या बाजूला आहे. नारळाची झाडे, पोपट आणि सोन्याच्या मोहरा हा कॅरिबियन थाट जगभर हजारोंनी बांधला आहे. सुरतेच्या बंदरात गाठोडी उतरवणारा लमाणांचा तांडा आणि मागे उभे असलेले पोटभर मालाचे जहाज, हा देखावा खान्देशातून कुणी बांधला तर त्याला स्वतःचे काही सांगायचे आहे असे वाटेल. गाठोडे करणे सोपे आहे. दोन बाय दोनचा फिक्या रंगाचा ठोकळा घ्यायचा आणि त्याला शिवणाचा जाड दोरा आडवा-उभा बांधायचा. अवघड आहे ते जहाज.

पोटाची गोलाई : ठोकळा चौकोनी आणि जहाज सगळीकडून वाकलेले, इथेच या छंदाचे सगळे कसब लागते. मापे आधी समजून घ्यावीत. दोन उंचवट्यांच्या मध्यांमधले अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टीची, म्हणजे प्लेटची, उंची ३.२ मिलिमीटर, म्हणून तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा होतो. या आकड्यांतून एक सुंदर योग जुळतो. पाच प्लेटची उंची १६ मिलिमीटर होते, आणि दोन उंचवट्यांची रुंदीही १६ मिलिमीटरच. म्हणजे ठोकळे आडवे पाडले तरी पाचास दोन या हिशेबाने ते उभ्या रचनेत चपखल बसतात. उंचवटे वर न ठेवता बाजूला वळवण्याचे सारे तंत्र या एका समीकरणावर उभे आहे. ज्याला पाचास दोन पाठ झाले त्याला निम्मे जहाज आले.

पोट करण्याच्या तीन वाटा दिसतात. पहिली पायऱ्यांची: प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा बाहेर काढत जायचा आणि कडांना उतरते तुकडे लावायचे. ही मजबूत, पण लांबून जहाज तापीच्या घाटासारखे दिसते. दुसरी बिजागरीची: दोन्ही बाजू सपाट भिंतींसारख्या वेगळ्या बांधायच्या, मधल्या कण्याला बिजागरीने अडकवायच्या आणि खालच्या बाजूला आत झुकवायच्या. भिंत सरळच राहते, पण तिरकी झाली की डोळा फसतो. नाळेकडे मात्र भिंती एकमेकींना नीट भेटत नाहीत आणि फट राहते. ही फट दोराच्या गुंडाळीने, नांगराने किंवा मूर्तीने झाकणे हे सगळीकडचे उघड गुपित आहे. तिसरी वाट आडव्या फळ्यांची: कण्यातून बाजूला उंचवटे काढायचे आणि त्यांवर लांब प्लेट फळ्यांसारख्या बसवायच्या. खरे जहाज असेच दिसते. तुकडे मात्र दुपटीने लागतात आणि उचलताना हात चुकला तर फळ्या जमिनीवर.

गुराबेला या बाबतीत थोडी सवलत आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रज वर्णनांत ती उथळ, मध्ये रुंद आणि पुढे निमुळती होत गेलेली, भूमध्य समुद्रातल्या ‘गॅली’ या वल्ह्यांच्या जहाजासारखी लांब नाळ पुढे काढलेली असते. तिला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांपर्यंतची. दोन मोठ्या तोफा नाळेवरून थेट समोर मारा करतात. पोट उथळ असल्याने जहाज पाण्याच्या रेषेपाशी कापून निळ्या प्लेटवर ठेवले तरी काही बिघडत नाही. गलबत त्याहून लहान, सुमारे ७० टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वल्ही बसवायला बारीक दांडे खूप लागतात, म्हणून गलबत आकाराने छोटे असूनही खर्चाने मोठे पडते.

प्रमाणाचा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. खेळण्यातला माणूस टोपीशिवाय सुमारे ४ सेंटिमीटर उंच असतो, तेव्हा साधारण १ ला ४२ हे प्रमाण धरता येते. ३० मीटर लांबीचे जहाज त्या मापाने ७१ सेंटिमीटर होते, म्हणजे सुमारे ८९ उंचवटे. पण हा माणूस उंचीच्या मानाने फार रुंद आहे. खऱ्या मापाच्या डेकवर तीन खलाशी उभे केले की चौथ्याला जागा उरत नाही. म्हणून अनुभवी लोक रुंदी थोडी वाढवून घेतात आणि त्याबद्दल कुणाला काही सांगत नाहीत.

शिडे आणि दोर : शिडे ठोकळ्यांची करू नयेत, कापडाचीच करावीत. कापूस पिकवणाऱ्या मुलखात कापडाची वाण नाही. पातळ मांजरपाट घ्यावा, खळ देऊन ताठ करावा आणि ओला असतानाच वाटीवर फुगवून वाळवावा, म्हणजे वारा भरल्यासारखा दिसतो. कडा जळत्या उदबत्तीने भाजल्या तर शीड लढाईतून आल्यासारखे वाटते. काही शुद्धतावादी मंडळींना हे चालत नाही. कंपनीच्या तुकड्याखेरीज काही वापरायचे नाही, कापायचे नाही, रंगवायचे नाही, असा त्यांचा सोवळेपणा असतो. दोरा चालवून घेण्याइतपत तेही उदार असतात.

ऊन : ठोकळे १९६३ पासून एबीएस प्लास्टिकचे आहेत. हे प्लास्टिक सुमारे १०० अंशांपर्यंत टिकते, त्यामुळे जळगावच्या ४५ अंशांत जहाज वितळत नाही. खिडकीतल्या उन्हाने पांढरे आणि राखाडी ठोकळे मात्र पिवळे पडतात. ठोकळे ४० अंशांहून गरम पाण्यात धुऊ नयेत असे सांगितले जाते. मे महिन्यात भुसावळला गच्चीवरच्या टाकीचे पाणीच तेवढे तापते, तेव्हा धुण्याचे काम पहाटे उरकावे. न मिळणारे तुकडे त्रिमितीय प्रिंटरवर छापून घेण्याची सोय आता झाली आहे, पण त्यात बहुधा पीएलए नावाचे प्लास्टिक वापरतात आणि ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तसली डोलकाठी ठेवली की ती परत सरळ होत नाही.

आराखडे आणि देवाणघेवाण : खेळण्यांवरचे आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. परदेशातून सुटे तुकडे मागवणे त्यामुळे खिशाला लागते. जळगाव प्लास्टिकच्या चटया आणि पाइप देशभर पुरवते, पण हा ठोकळा बाहेरूनच येतो. म्हणून जहाज आधी संगणकावर बांधणे शहाणपणाचे. १९९५ मध्ये जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने ‘एलड्रॉ’ ही पद्धत तयार केली. तिच्यात प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, उदाहरणार्थ दोन बाय चारचा ठोकळा ३००१, आणि फाइलमधल्या एका ओळीत एका तुकड्याचा रंग, जागा आणि दिशा लिहिलेली असते. ही फाइल म्हणजे साधा मजकूर. हजार तुकड्यांचे जहाज शंभर केबीच्या आत मावते आणि रेंज जेमतेम असलेल्या गावातूनही व्हॉट्सॲपवर जाते. आज ‘ब्रिकलिंक स्टुडिओ’ हे मोफत सॉफ्टवेअर जास्त वापरात आहे. त्यातून तुकड्यांची यादी आणि पायरी-पायरीची पुस्तिका दोन्ही काढता येतात.

फाइल देताना एक गोष्ट पाळतात: कुणाच्या आराखड्यावरून सुरुवात केली त्याचे नाव वर लिहायचे. नाळ एकाची आणि पिछाडी दुसऱ्याची असेल तर दोन्ही नावे. संगणकातले जहाज प्रत्यक्षात उभे करून पाहिले आहे की नाही हेही सांगायला हवे, कारण पडद्यावर वजन नसते. तिथे हवेत लटकलेली डोलकाठी टेबलावर पडते, आणि तुकडे विकत घेऊन बसलेला माणूस मग आराखडा देणाऱ्याला आठवतो.

अशी देवाणघेवाण उलटी कंपनीपर्यंतही पोहोचते. ‘लेगो आयडियाज’ या उपक्रमात एखाद्या रचनेला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते, आणि निवड झाली तर मूळ रचनाकाराला निव्वळ विक्रीचा १ टक्का मिळतो. २०२० मध्ये आलेले २,५४५ तुकड्यांचे ‘पायरेट्स ऑफ बॅराकुडा बे’ असेच एका चाहत्याच्या आराखड्यातून आले. त्यात १९८९ चे जहाज फुटून बेट झाले आहे, आणि तुकडे हलवले की तेच बेट पुन्हा जहाज होते.

कायदा : ठोकळ्याच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. ठोकळ्याचा आकार व्यापारचिन्ह म्हणून राखता येणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये दिला. त्यामुळे जुळणारे ठोकळे इतरही कारखाने बनवतात. छोट्या माणसाच्या आकृतीचे चिन्ह मात्र युरोपात कायम राहिले आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. स्वस्त ठोकळ्यांत पकड कमी-जास्त असते, म्हणून ते पोटाच्या आत भरावाला वापरावेत, बिजागरीला नाही.

वाहतूक : बांधलेले जहाज धुळ्याहून जळगावला न्यायचे तर एसटीशिवाय बऱ्याच जणांना पर्याय नसतो. त्यासाठी पोट तीन भागांत बांधतात आणि ते भाग प्रत्येकी चारच उंचवट्यांवर अडकवतात, म्हणजे ओढले की सुटावेत. डोलकाठ्या वेगळ्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, दोर मात्र सोडायचे नाहीत, कारण गुंता सोडवण्यात जहाज बांधण्याइतका वेळ जातो. नाळेचा भाग मांडीवर घ्यावा. पिछाडी जड असते, ती पिशवीत पायाशी चालते.