बिस्कोत्ती कडकच का असते?

गेल्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा घरी बिस्कोत्ती, म्हणजे इटलीची ती कडक बदामी बिस्किटं, केली. शेजारच्या काकूंनी एक तुकडा दाताखाली धरला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, जरा जास्त भाजलं गेलंय का?" जास्त नव्हतं भाजलं, दोनदा भाजलं होतं. समजावत बसण्यापेक्षा मी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. त्यांनी तुकडा चहात बुडवला, खाल्ला, आणि न विचारता दुसरा उचलला.

काकूंची शंका तशी सगळ्यांचीच असते. इंटरनेटवरच्या पाककृती चाळल्या तर निम्म्या पाककृतींत ही बिस्किटं 'मऊ' किंवा 'खुसखुशीत' व्हावीत म्हणून लोणी, तेल, बेकिंग पावडर, कुठे कुठे दहीसुद्धा घातलेलं दिसतं. चवीला ते वाईट लागत नाही. पण नानकटाईचं काम बिस्कोत्तीकडून करून घेण्यात काही अर्थ नाही. तिचा कडकपणा हा दोष नव्हे, आणि तो गोडाच्या पदार्थासाठी जन्मलाही नव्हता. तो आला जहाजांवरून आणि सैन्याच्या छावण्यांतून.

सुरुवात नावापासूनच करू. लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कोक्तुस' म्हणजे शिजवलेलं, भाजलेलं. हे दोन्ही शब्द आपल्याला परके नाहीत. 'बिस' हा संस्कृत 'द्विः'चा भाऊ, आणि 'कोक्तुस' आपल्या 'पक्व'च्या घरातला. दोघांचं मूळ एकच. म्हणजे बिस्कोत्तीचा सरळ संस्कृत अर्थ होतो 'द्विःपक्व'. आपलं रोजचं 'बिस्कीट'ही याच शब्दाचं वंशज, फक्त ते आता एकदाच भाजतात आणि नाव तेवढं जुनं राहिलंय. इटलीतही तसंच झालं. तिथे 'बिस्कोत्ती' म्हणजे कुठलंही बिस्कीट. आपण ज्याला बिस्कोत्ती म्हणतो, त्या बदाम घातलेल्या तिरप्या कापांना तोस्काना प्रांतात 'कान्तुच्ची' किंवा 'प्रातोची बिस्किटं' म्हणतात.

दोनदा भाजायचं कारण साधं आहे: पाणी. ताज्या पावात वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं, म्हणून तो चार दिवसांत बुरसतो. तोच पाव कापून पुन्हा मंद आचेवर सुकवला की बुरशीला जगायला ओल उरत नाही. कोरडा ठेवला तर तो महिनोन् महिने टिकतो. खायला मात्र दात मजबूत हवेत, नाहीतर हाताशी काहीतरी पातळ हवं.

रोमन सैन्याला अशी कडक भाकरी शिध्यात मिळायची. तिचं नाव 'बुक्केल्लातुम'. इसवी सन 360 च्या एका रोमन कायद्यात मोहिमेवरच्या सैनिकांचा शिधा ठरवून दिला आहे: दोन दिवस बुक्केल्लातुम आणि तिसऱ्या दिवशी साधा पाव. दोन दिवस कडक तुकडे चावल्यावर तिसऱ्या दिवशीच्या मऊ पावाची त्या शिपायांनी किती वाट पाहिली असेल! तोस्कानातल्या लुक्का शहरात आजही 'बुच्चेल्लातो' नावाचा पाव मिळतो, पण तो गोड आणि मनुका घातलेला असतो. लष्करी शिध्याचं नाव मिठाईला चिकटल्याचं हे एकच उदाहरण नाही, हे पुढे येईलच.

त्याआधी, पहिल्या शतकात, थोरल्या प्लिनी या रोमन लेखकानं या पावाची नोंद औषध म्हणून केली आहे. शिळा किंवा खलाशांचा पाव कुटून पुन्हा भाजून दिला की जुलाब थांबतात, असं तो लिहितो. हे वाचताना मला हसू आलं. आपल्याकडे पोट बिघडलं की घरातली मोठी माणसं अजून हेच सांगतात: "आज काही खाऊ नकोस, चहा-टोस्ट घे."

मध्ययुगात या पावाचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक होते ते समुद्रावरचे. व्हेनिसच्या गलबतांवर माणसं खूप आणि जागा कमी. वल्हेकऱ्यांना रोज खायला घालायचं तर पीठ-सरपण घेऊन जाणं शक्य नाही. मग दोनदा भाजलेला पाव पोत्यांनी भरायचा आणि वाटेतल्या बंदरांवर पुन्हा साठा करायचा. व्हेनिसनं पंधराव्या शतकात आपल्या आर्सेनालजवळ, म्हणजे सरकारी जहाजबांधणीच्या आवाराजवळ, खास या कामासाठी भट्ट्या उभारल्या. जेनोआची गोष्टही तीच. जेनोआच्या किनाऱ्यावर खलाशांचं हे कडक बिस्कीट आजही 'गाल्लेत्ता' नावानं भाजलं जातं, आणि 'काप्पोन माग्रो' या मासे आणि भाज्यांच्या भरगच्च थराच्या पदार्थात तळाला तेच असतं, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं. ज्या तुकड्यात खलाशी किडे शोधायचे, तो आता सणाच्या ताटात मानानं बसतो.

हा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंतही येतो. पोर्तुगीजांनी लिस्बनजवळ तेजो नदीच्या पलीकडच्या काठावर, वाले द झेब्रोला, राजाच्या भट्ट्या चालवल्या. गोव्याकडे येणाऱ्या आरमारांसाठी 'बिश्कोइतु' तिथे भाजलं जायचं. शब्द तोच, द्विःपक्व. गोव्याच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीत आजही कडक 'काकणां' असतात, बांगडीसारखी गोल, चहात बुडवून खायची. जहाजावरच्या बिस्किटातूनच ती उतरली असं मी म्हणणार नाही, पण दोघांचा स्वभाव एकच.

आता जहाजावरचं हे रुक्ष बिस्कीट गोड कसं झालं? साखर हळूहळू स्वस्त होत गेली, श्रीमंतांच्या ताटातून हलवायांच्या दुकानांत आली, आणि दोनदा भाजायची जुनी रीत नव्या पिठाला लागू झाली. इटलीतला कुठलाही जुना पदार्थ घ्या, त्याच्या जन्मकथेत मेदिची घराण्यातली कातेरिना कुठून तरी येतेच, जशी आपल्याकडे प्रत्येक पक्वान्नामागे पेशव्यांची मुदपाकखाना-कथा असते. त्या वाटेला न गेलेलंच बरं. ठोस पुरावा मिळतो तो 1691 चा, आणि तोही शब्दकोशात. फ्लॉरेन्सच्या 'आक्कादेमिया देल्ला क्रुस्का' या भाषा-संस्थेनं त्या वर्षीच्या आवृत्तीत 'कान्तुच्चो'चा अर्थ दिला आहे: उत्तम पीठ, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांचं, काप केलेलं बिस्कीट. गंमत अशी की 'क्रुस्का' म्हणजे कोंडा! चांगले शब्द पिठासारखे चाळून घ्यायचे, कोंडा बाजूला काढायचा, अशी त्या मंडळींची कल्पना, आणि त्यांचं बोधचिन्हही पीठ चाळायचं यंत्र. अशा संस्थेनं बिस्किटाची व्याख्या करावी हे शोभतंच.

त्या व्याख्येत एक गोष्ट नाही, ती म्हणजे बदाम. म्हणजे कापांचं गोड बिस्कीट आधी, बदाम नंतर. प्रातो शहरात अमादियो बाल्दान्झी नावाच्या अठराव्या शतकातल्या विद्वानाशी जोडलेलं एक हस्तलिखित जपून ठेवलं आहे, आणि प्रातोच्या बिस्किटांची सगळ्यात जुनी कृती म्हणून त्याच्याकडे बोट दाखवतात. तिथे या बिस्किटांना 'जेनोआ पद्धतीची' म्हटलंय. नावावरून फार ताणू नये, कोल्हापुरी मिसळ काय फक्त कोल्हापुरात होते? पण समुद्रापासून दूर असलेल्या प्रातोनं आपल्या लाडक्या बिस्किटाला बंदराचं नाव दिलेलं पाहिलं की मला बरं वाटतं.

प्रातो म्हणजे फ्लॉरेन्सच्या वायव्येला, कापडाच्या धंद्याचं गाव. तिथे 1858 मध्ये अंतोनियो मात्तेईनं बिस्किटांचं दुकान काढलं. तेव्हा इटली हा एकसंध देशही नव्हता. 1867 च्या पॅरिसच्या विश्वप्रदर्शनात त्याच्या बिस्किटांची खास दखल घेतली गेली. पुढे दुकान पांडोल्फिनी कुटुंबाकडे गेलं, पण पाटीवर नाव अजून मात्तेईचंच आहे. ही बिस्किटं निळ्या कागदी पिशवीत मिळतात. इटालियनमध्ये त्या जातीच्या निळ्या रंगाला 'साखरेचा कागद' असंच नाव आहे, कारण पूर्वी साखरेचे शंकू निळ्या कागदात गुंडाळून विकायचे. निळ्यावर साखर जास्त शुभ्र दिसते. धोतराला नीळ घालणाऱ्या आपल्या आजोबांना हे वेगळं सांगावं लागलं नसतं.

त्या दुकानाच्या जुन्या पाटीवर 'कान्तुच्चींचे कारखानदार' असं लिहिलेलं आहे. तेव्हा तिथे बडीशेपेसारख्या वासाचे, पावाच्या पिठाचे साधे कडक तुकडे बनायचे, आणि कान्तुच्ची म्हणजे ते. बदामाची बिस्किटं निराळी. पण गिऱ्हाइकानं पाटी वाचली, हातातली पिशवी बघितली आणि दोन्ही एकच समजलं. असं मानतात की त्या पाटीमुळेच बदामी बिस्किटाला कान्तुच्ची हे नाव चिकटलं. खुद्द शब्दाचा अर्थ पावाचा कोपरा, त्याचा कडक शेवटचा तुकडा, असा काहीसा आहे.

मात्तेईच्या बिस्किटात काय आहे त्यापेक्षा काय नाही ते महत्त्वाचं. पीठ, साखर, अंडी, बदाम, चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया, बस्स. लोणी नाही, तेल नाही, दूध नाही, फुगवणारी पूड नाही. स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांना वेढून घेतात, त्यामुळे बिस्कीट खुसखुशीत होतं, पण ते कालांतरानं खवटतंही. स्निग्ध नसलं की टिकतं, आणि द्रवात बुडवलं की विरघळून कपाच्या तळाशी गाळ न होता आकार धरून राहतं. तोस्कानात हे बुडवतात 'विन सांतो'त. द्राक्षं तोडून महिनोन् महिने टांगून किंवा चटईवर पसरून सुकवतात, मग त्यांचा रस लहान पिंपांत भरून वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवतात. सुकवून टिकवलेल्या द्राक्षांची दारू आणि सुकवून टिकवलेलं बिस्कीट, जोडी अगदी जमलेली.

2016 मध्ये युरोपीय संघानं 'कान्तुच्ची तोस्कानी'ला भौगोलिक मानांकन दिलं. त्यात बदाम अख्खे आणि सालासकट हवेत, पण लोणी आणि फुगवणारी पूड चालते. प्रातोच्या जुन्या पद्धतीच्या मंडळींना हे रुचलं असेल असं वाटत नाही.

दोनदा भाजायची रीत ही काही एकट्या इटलीची नव्हे. जर्मनांचं 'त्स्वीबाक' म्हणजेच दोनदा भाजलेलं, ग्रीकांची 'पाक्सिमादी', कातालोनियाची 'कार्किन्योलिस', पूर्व युरोपातल्या ज्यूंचं 'मांडेलब्रोट'. यातल्या शेवटच्यात तेल घालतात, कारण धर्मनियमानुसार मांसाच्या जेवणानंतर लोण्याचा पदार्थ चालत नाही. सुरतेला डचांची बेकरी पुढे चालवणाऱ्या पारशी दोतीवाला घराण्याच्या कथेतही उरलेला, सुकलेला पावच लोक आवडीनं मागायला लागले असं येतं. आपल्या गल्लीतल्या बेकरीतला टोस्ट तर सरळ हीच पद्धत: गोडसर पाव भाजायचा, काप करायचे, पुन्हा भट्टीत सुकवायचे. पुण्या-मुंबईच्या कॅफेतल्या काचेच्या बरणीत बिस्कॉटी म्हणून जी मिळते, ती मात्र इटलीहून थेट आली नाही. अमेरिकेत 1980-90 च्या दशकांत कॉफीची दुकानं वाढली, त्यांच्याबरोबर चॉकलेटमध्ये बुडवलेली लांबलचक बिस्कॉटी आली, आणि तीच पुढे आपल्याकडे.

घरी करताना या सगळ्या इतिहासाचा उपयोग एका जागी होतो: लादी, म्हणजे पहिल्यांदा अख्खा भाजलेला पिठाचा लांबट गोळा, कापताना. मी पहिल्या खेपेला ओटीजीतून लादी काढली, पूर्ण गार होऊ दिली आणि साध्या सुरीनं दाबून कापायला गेले. बदामाला सुरी अडली, बदाम घसरला आणि लादीचे चार तुकडे, बाकी चुरा. चुरा दुधात गेला. इटलीत लादी गरम असतानाच तिरपी कापतात, आणि तोस्कानात काही जण तिथेच थांबतात, पुन्हा भाजतच नाहीत. घरी मला जमलं ते असं: 180 अंशांवर साधारण 25 मिनिटं, दहा मिनिटं थांबायचं, मग पाव कापायच्या दातेरी सुरीनं, न दाबता, करवतीसारखं पुढे-मागे करत बोटाएवढे काप. नंतर 150 अंशांवर दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं. दुसऱ्या खेपेला रंग येण्याची वाट बघायची नाही, तिथे काम फक्त पाणी घालवायचं.

माझी दुसरी चूक मुंबईच्या जुलैची होती. काप कोमट असताना डब्यात भरले, झाकणाला वाफ धरली, आणि संध्याकाळपर्यंत सगळे मऊ पडले. रात्री पुन्हा ताटलीत मांडून मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवले. मग ताट पंख्याखाली ठेवलं आणि डबा उघडा ठेवूनच झोपले. सकाळी काकूंना नेऊन दिलेल्या डब्यातले काप असे तीनदा भाजलेले होते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.