लुदोगोरेत्स रझग्राद

बल्गेरियाच्या ईशान्य भागातील रझग्राद या छोट्या शहराचा व्यावसायिक फुटबॉल क्लब. रंग हिरवा-पांढरा, टोपणनाव ‘गरुड’. २०११-१२ ते २०२४-२५ अशी सलग १४ वर्षे देशाचे साखळी विजेतेपद या क्लबकडे होते. रझग्रादची वस्ती तीस हजारांच्या आसपास, आणि बल्गेरियन फुटबॉलची सारी सत्ता मात्र पिढ्यान्‌पिढ्या राजधानी सोफियातल्या लेव्हस्की आणि सीएसकेए या दोन क्लबांच्या हातात. या क्लबचे मोल कळायचे तर ही तफावत आधी लक्षात घ्यावी लागते.

नाव मुलखावरून आले आहे. रझग्रादभोवतीच्या टेकड्यांच्या प्रदेशाला लुदोगोरिए म्हणतात. ‘लुद’ म्हणजे वेडा, ‘गोरा’ म्हणजे अरण्य. तिथल्या मोठ्या तुर्की वस्तीच्या तोंडी असलेल्या ‘देलिओर्मान’ या नावाचा अर्थही तोच. शिरलेला माणूस वाट चुकावा असे दाट, वेडे रान. लुदोगोरेत्स म्हणजे त्या रानचा माणूस. शहराला लागूनच अब्रितुस या रोमन नगराचे अवशेष आहेत, इ. स. २५१ मध्ये गॉथ टोळ्यांशी लढताना सम्राट डेसियस याच परिसरात मारला गेला. अलीकडच्या काळात रझग्रादची ओळख होती ती प्रतिजैविकांच्या कारखान्यामुळे. फुटबॉलसाठी हे गाव कुणाला ठाऊक नव्हते.

क्लब आपले मूळ १९४५ मध्ये शोधतो. त्या जुन्या लुदोगोरेत्सचे आयुष्य खालच्या श्रेणींतच गेले आणि शेवटी तो बंद पडला. आजच्या क्लबची सलग कायदेशीर वाटचाल २००१ मध्ये निघालेल्या ‘रझग्राद २०००’ या संघापासून मोजली जाते. २०१० मध्ये या संघाला दुसऱ्या श्रेणीत बढती मिळाली, त्याने जुन्या क्लबचे नाव घेतले आणि त्याच वर्षी औषधनिर्मिती व्यवसायातले उद्योजक किरिल दोमुस्चिएव यांनी तो विकत घेतला. प्रशिक्षक इव्हायलो पेतेव यांच्या हाताखाली पुढच्याच वर्षी संघ इतिहासात पहिल्यांदा अव्वल श्रेणीत पोहोचला.

तिथे पहिल्याच हंगामात जे घडले, ते बल्गेरियात कुणी कल्पिले नव्हते. २३ मे २०१२ रोजी शेवटचा सामना रझग्रादमध्ये, समोर सीएसकेए. पाहुण्यांना बरोबरीही पुरली असती. यजमानांना जिंकणे भाग होते. मिरोस्लाव्ह इव्हानोव्हच्या एकमेव गोलवर लुदोगोरेत्सने एका गुणाच्या फरकाने विजेतेपद घेतले. त्या वर्षी बल्गेरियन चषक आणि सुपर चषकही रझग्रादला आले. पुढच्या वर्षी दैवही बाजूने उभे राहिले. शेवटच्या दिवशी लेव्हस्कीला घरच्या मैदानावर स्लाव्हियाविरुद्ध विजय हवा होता. लेव्हस्कीच्याच बचावपटूने स्वयंगोल केला, सामना १-१ असा सुटला आणि पुन्हा एका गुणाने लुदोगोरेत्स विजेता ठरला.

सोफियातले चाहते हे सगळे पैशाचे यश मानतात. पैशाचा वाटा मोठा आहे, हे खरेच. पण पैसा लोव्हेच या आणखी एका छोट्या गावातही आला होता. तिथल्या लितेक्स क्लबने चार विजेतेपदे मिळवली, आणि २०१६ मध्ये त्याच्याच परवान्यावर सोफियात सीएसकेए नव्याने उभा राहिला. रझग्रादचा संघ रझग्रादलाच राहिला. मध्यरक्षक स्व्हेतोस्लाव्ह द्याकोव्ह वर्षानुवर्षे कर्णधार होता; ब्राझीलहून आलेला मार्सेलिन्यो इतका रमला की पुढे बल्गेरियाच्या राष्ट्रीय संघातून खेळला. संघाला घडी बसू देण्याचा हा धीर मला पैशाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

क्लबची सर्वांत गाजलेली रात्र २७ ऑगस्ट २०१४ ची. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या पात्रता फेरीत रुमानियाच्या स्तेआउआ बुखारेस्टने पहिला सामना १-० असा जिंकला होता. परतीच्या सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला वांडरसनने हवेतल्या चेंडूवर थेट फटका मारून दोन्ही सामने मिळून बरोबरी साधली. जादा वेळ संपत आली असताना, ११९ व्या मिनिटाला, गोलरक्षक व्लादिस्लाव्ह स्तोयानोव्हला लाल कार्ड मिळाले. तिन्ही बदली खेळाडू वापरून झाले होते. हातमोजे चढवले ते बचावपटू कोस्मिन मोत्सने. तो स्वतः रुमानियन, आणि तेही स्तेआउआच्या हाडवैरी दिनामो बुखारेस्टमधून आलेला. पेनल्टी शूटआउटमध्ये संघाची पहिली पेनल्टी त्यानेच मारली, गोल केला, आणि मग गोलखांबांमध्ये जाऊन उभा राहिला. रेषेवर हात हलवत, उड्या मारत त्याने दोन पेनल्टी अडवल्या. ६-५ असा निकाल लागला आणि वेड्या रानचा संघ रेआल माद्रिद, लिव्हरपूल आणि बासेल यांच्या गटात जाऊन बसला. तिथे त्याने बासेलला १-० असे हरवले, लिव्हरपूलला २-२ असे रोखले आणि चार गुणांवर मोहीम संपवली. २०१६-१७ मध्ये तो पुन्हा गटात पोहोचला. पॅरिसमध्ये पॅरिस सेंट-जर्मेनशी (पीएसजी) २-२ बरोबरी केली आणि तिसरा आला.

चॅम्पियन्स लीगच्या या दोन्ही मोहिमांत घरचे सामने मात्र रझग्रादमध्ये झाले नाहीत. गावातले १९५४ साली बांधलेले मैदान युएफा या युरोपियन फुटबॉल महासंघाच्या अटींत बसत नव्हते, त्यामुळे रझग्रादकरांना आपला संघ पाहायला साडेतीनशे किलोमीटरवरच्या सोफियात जावे लागे. दरम्यान मैदानाची टप्प्याटप्प्याने पुनर्बांधणी झाली आणि क्षमता दहा हजारांवर गेली. म्हणजे गावातला साधारण प्रत्येक तिसरा माणूस एकाच वेळी तिथे बसू शकतो. एका प्रेक्षागृहाला मोत्सचे नाव दिले आहे.

२०२१ मध्ये दहावे विजेतेपद घेताना लुदोगोरेत्सने सीएसकेएचा १९५४ ते १९६२ असा सलग नऊ विजेतेपदांचा विक्रम मोडला. त्याआधीच युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेचे सामने गावात होऊ लागले होते. सप्टेंबर २०१७ मध्ये जर्मनीचा होफेनहाइम संघ रझग्रादमध्ये २-१ असा हरला. फेब्रुवारी २०१८ मध्ये एसी मिलान आला आणि ३-० ने जिंकून गेला. पण त्या सामन्यासाठी रझग्रादकरांना सोफियाला जावे लागले नाही.