वेग वाढवला की कॅलरीही वाढतात?

‘तेच अंतर वेगाने धावल्यास कितीतरी जास्त कॅलरी जळतात’ हा समज नवशिक्या धावपटूंमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. वेगात दर मिनिटाला ऊर्जा जास्त लागते, हे खरे. पण मिनिटेही त्याच प्रमाणात कमी होतात, त्यामुळे सपाट रस्त्यावर धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलो वजनामागे दर किलोमीटरला १ किलोकॅलरीच्या आसपासच राहतो. ६० किलो वजनाच्या व्यक्तीने ५ किलोमीटर ३० मिनिटांत (पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ६:०० मिनिटे) संपवले काय किंवा ४० मिनिटांत (पेस ८:००) काय, हिशेब सुमारे ३०० किलोकॅलरींचाच येतो. फिटनेस घड्याळातला कॅलरींचा आकडा याच्याशी ताडून पाहावा. तफावत मोठी असेल तर आधी ॲपमध्ये नोंदवलेले वजन तपासावे, जे बहुधा कुणी पाहतच नाही. चालण्याला मात्र हा हिशेब लागू नाही. तेवढेच अंतर सावकाश चालल्यास खर्च बराच कमी होतो.