फेनवे पार्क: जुने फटके, नवी भिंत आणि 315चा घोळ

बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल मैदानाचं नूतनीकरण 2002 ते 2011 अशी दहा वर्षं चाललं. जुन्या सामन्यांच्या गप्पा तिथे रंगल्या की एक वाद ठरलेला: तो फटका आजच्या मैदानात होम रन झाला असता, म्हणजे थेट हद्दीपलीकडे गेला असता का? बहुतेक जण लगेच लेफ्ट फील्डच्या (मैदानाच्या डाव्या बाजूच्या) भिंतीवरच्या अंतराच्या आकड्याकडे बोट दाखवतात. आमच्या मते वादाची सुरुवातच तिथे चुकते.

मैदान 1912चं. 1934च्या बांधकामात लेफ्ट फील्डचा चढ जवळपास सपाट झाला आणि लाकडी कुंपणाच्या जागी 37 फूट 2 इंचांची पत्र्याची भिंत आली. 1947पर्यंत तिच्यावर जाहिराती होत्या, हिरवा रंग त्यानंतरचा. 1940मध्ये उजव्या बाजूला कुंपणापुढे बुलपेन (पिचरच्या, म्हणजे गोलंदाजांच्या, सरावाची जागा) बांधले आणि तिकडची हद्द 23 फुटांनी आत आली. म्हणून राइट फील्डचे 1940आधीचे आणि नंतरचे होम रन एका तागडीत घालता येत नाहीत.

आता तो आकडा. लेफ्ट फील्डच्या फाउल पोलपाशी, म्हणजे खेळाची बाजूची हद्द दाखवणाऱ्या खांबापाशी, फलंदाजापासूनचं अंतर अनेक दशकं 315 फूट असं रंगवलेलं होतं. पिचरना ते कधीच पटलं नाही. इथल्या रेड सॉक्स क्लबने अधिकृत मोजणी करू दिली नाही, त्यामुळे संशय वाढत गेला. 1975मध्ये शहरातल्या एका दैनिकाने हवाई छायाचित्रावरून हिशोब करवून घेतला आणि अंतर जेमतेम 305 फूट निघालं. एवढ्या उंच भिंतीचं छायाचित्र थोडं जरी तिरकं घेतलं तरी तिचा माथा पायथ्यापासून सरकलेला दिसतो, त्यामुळे असल्या हिशोबात दोन-चार फुटांची चूक सहज शिरते. 1995मध्ये एका बातमीदाराने टेप लावून मोजलं, तेव्हा 309 फूट 3 इंच भरले. क्लबने मग स्वतः मोजून पाटीवर 310 लिहिलं. हे वीस वर्षं आधीच करता आलं असतं.

पाच फूट म्हणजे किती? 45 अंशांत खाली येणारा चेंडू 310 फुटांवर भिंतीचा माथा निसटता ओलांडत असेल, तर 315 फुटांवरच्या तेवढ्याच उंच भिंतीला तो माथ्याखाली पाच फुटांवर आदळेल. होम रनचा डबल होईल, म्हणजे फलंदाज दुसऱ्या बेसपर्यंतच पोहोचेल. पण 1995मध्ये फक्त पाटी बदलली, भिंत जागची हलली नाही. 1975च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात, मध्यरात्रीनंतर बाराव्या डावात फाउल पोलवर आदळून होम रन ठरलेला कार्लटन फिस्कचा फटका आजही तिथेच आदळला असता.

खरा फरक पडला तो चेंडूच्या उसळीत. 1976पर्यंत पत्र्यामागे लाकडी सांगाडा होता. दोन वाशांमधल्या पोकळीवर लागलेला चेंडू मेल्यासारखा खाली पडे. तोच वाशावर किंवा खालच्या काँक्रीटवर लागला तर जोरात परत येई. लेफ्ट फील्डरला जागा न् जागा पाठ असावी लागे. 1976मध्ये प्लास्टिकचे तक्ते बसले आणि उसळ बरीच एकसारखी झाली. तळाशी गादीही तेव्हाच लागली, कारण आदल्या वर्षीच्या त्याच सामन्यात सेंटर फील्डर काँक्रीटवर आदळला होता. 1976आधीच्या सामन्यातला धावपटू दुसऱ्या बेसवर का पोहोचला किंवा पहिल्यावरच का थांबला, हे सांगताना पत्रा विसरून चालत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. 1989च्या हंगामात होम प्लेटमागे (फलंदाजाच्या जागेमागे) वरच्या मजल्यावर काचबंद आसनं आली. तेव्हापासून चेंडू पूर्वीसारखा लांब जात नाही, अशी फलंदाजांची तक्रार होती. 2006मध्ये काच निघाली. मधली 17 वर्षं वेगळी धरणं आम्हाला योग्य वाटतं.

1999मध्ये शेजारीच नवं मैदान बांधून हे पाडायची योजना होती. 2002च्या नव्या मालकांनी ती सोडली. कामं ऑक्टोबर ते एप्रिल, दोन हंगामांच्या मधे उरकत गेली. खर्च सुमारे 28.5 कोटी डॉलर. काँक्रीटमध्ये पाणी मुरत होतं, म्हणून खुर्च्या उचलून डागडुजी आणि जलरोधन करावं लागलं. ग्रँडस्टँडच्या लाकडी खुर्च्या दुरुस्त करून परत बसवल्या. नजरेच्या आड येणारे खांबही राहिले, कारण छत त्यांच्यावरच उभं आहे.

सर्वांत मोठा बदल 2003चा. भिंतीवर 1936पासून 23 फुटांची जाळी होती, मागच्या रस्त्यावरच्या खिडक्या वाचवण्यासाठी. सरावात अडकलेले चेंडू काढायला मैदानाचा कर्मचारी भिंतीवरच्या शिडीने वर चढे. 1978च्या निर्णायक सामन्यात सातव्या डावातला तीन धावांचा होम रन याच जाळीत गेला. जाळी काढून तिथे तीन रांगांची आसनं केली. शिडी मात्र अजून भिंतीवरच आहे, आणि तिला लागलेला चेंडू खेळातच धरला जातो.